बेट्टीच्या नावावर पिस्तूल

बेट्टी : अरे, ते काय कलिंगड आहे का, वाजवून बघायला?

एडविन : वाजवलं कुठे? खटका दाबून बघितला. मिक्सर घेताना नाही का आपण दुकानात रिकामा फिरवून बघत?

रहमान : एडविनभाई, खाली ठेवा. ठेवा आधी खाली. तिन्हींचे खटके दाबलेत?

एडविन : तिन्हींचे. एकाचाच दाबला तर फरक कसा कळणार? आणि रिकामी होती, तूच तर उघडून दाखवलीस.

रहमान : रिकामी म्हणूनच बोलतोय. ही पॉइंट टू-टूची गोळी कडेवर ठोका बसला की उडते. आत गोळीच नसली की पिन जाऊन आपटते थेट नळीच्या काठावर. काठ दबतो, नाहीतर पिन तुटते. आणि काउंटरवर खटक्याला बोट लावायचंच नाही, भरलेलं असो की रिकामं. दोन वर्षं येताय तुम्ही ह्या नेमबाजीच्या क्लबात!

एडविन : दोन वर्षं क्लबचं पिस्तूल मिळेल ते उडवलं रे. निवडायला कधी मिळालं?

बेट्टी : रहमानभाऊ, मनाला लावून घेऊ नका. गावी, गासच्या बाजारात ह्यांनी कुलूप घेतलं तेव्हा दुकानदाराच्याच शटरला लावून बघितलं होतं. आणि किल्ली आत अडकली.

एडविन : ते कुलूपच खराब होतं.

रहमान : नियम म्हणजे नियम. आजचा दिवस तुम्ही बाकावर. पिवळ्या पट्टीच्या मागे.

एडविन : आणि हिच्यासाठी निवडणार कोण?

रहमान : नाव सिस्टरचं लागणार ना? मग सिस्टर निवडतील.

बेट्टी : बस जा. तो डबा घे मांडीवर. दोन वर्षं मी बसले तशी.

एडविन : बेट्टी, नीट ऐक गो. जुलैत मला साठ पूर्ण होतात, नोकरी खलास. मी गासला. तू इथे परदेशात अजून दोन वर्षं, अल सद्दच्या फ्लॅटमध्ये एकटी. शुक्रवारची चर्चमधली मिस्सा झाली की भिंतीकडे बघत बसशील. म्हणून सांगतो, वर्षभर पुरेल असं घे. दिसायला भारी नको. रहमान, ही तीनच ना स्वस्तातली?

रहमान : ही तीनच. निवडाल ते वर्षभर सिस्टरच्या नावावर, राहणार क्लबच्या तिजोरीत. ही रिव्हॉल्वर, साधी, पण खटका कडक. हे हलकं, हातात मावतं, पण हलकं म्हणून डुलतं. आणि हे जुनं, सगळं पोलादी. जड आहे, पण जागचं हलत नाही.

एडविन : हलकं घे! तुझं मनगट दुखतं.

बेट्टी : माझं मनगट मला विचार. तीस वर्षं पेशंट उचलतेय.

( बेट्टी कानांवर मफ चढवते. रिव्हॉल्वरचे सहा बार. निशाणाचा पुठ्ठा तारेवरून सरकत जवळ येतो. )

रहमान : दोन पुठ्ठ्यावर. बाकी वाळूत.

बेट्टी : हा खटका आहे की आमच्या वॉर्डाच्या स्टोअरचं दार? नको. ते हलकं द्या.

एडविन : खांदा खाली! श्वास सोडताना दाब!

बेट्टी : इंजेक्शन देताना मीच पेशंटला सांगते, श्वास सोडा म्हणून. तू मला शिकव.

एडविन : डावा डोळा मिटू नको. मिटलास! मला इथून दिसतं.

बेट्टी : रहमानभाऊ, हे मफ बिघडलेत. ह्याचा आवाज येतो.

रहमान : मफ चांगले आहेत, सिस्टर. एडविनभाईंचा आवाजच मोठा आहे. बघा, आता पाच पुठ्ठ्यावर. पण विखुरलेत.

बेट्टी : डुलतं. तुम्ही म्हणालात तसंच. पोलादी द्या. अरे, ह्याच्यात गोळ्या भरणं सोपं आहे! इंजेक्शनच्या काचेच्या ॲम्प्यूल फोडून फोडून अंगठा तयार आहे माझा.

एडविन : कोपर ताठ नको! थोडं सैल! हां, तसंच. आता घाई नको. यल्ला, उडव!

रहमान : अरे वा. सिस्टर, दहाच्या दहा पुठ्ठ्यावर, आणि हे सात बघा, वाटीएवढ्या जागेत.

एडविन : बघितलंस? कोपर सैल सोडायला कोणी सांगितलं?

बेट्टी : एडी, सकाळी चर्चच्या पार्किंगमध्ये फरहा भेटली.

एडविन : कोण फरहा?

बेट्टी : माझ्या वॉर्डातली फरहा. मुऐदरला राहते ती. म्हणाली, जुलैपासून दर शुक्रवारी गाडी घेऊन तुला क्लबला न्यायला येते, एडविनभाई बोललेत माझ्याशी. तिथे माझी वाट बघत उभी होती बिचारी, वेळ पक्की करायला.

एडविन : तुला गाडी चालवता येत नाही. टॅक्सीने एवढ्या लांब कशी येशील?

बेट्टी : आणि शेजारची जोस्लीन? दर मंगळवारी जेवायला बोलवणार म्हणाली. तेही तूच?

एडविन : ती स्वतःहून म्हणाली.

बेट्टी : एडी.

एडविन : मी आठवण केली फक्त.

बेट्टी : म्हणजे शुक्रवार फरहाला दिला, मंगळवार जोस्लीनला, आणि मधल्या दिवसांसाठी हे पिस्तूल. माझी मैत्रीण डायना मेलबर्नला गेली तेव्हा तिच्या मांजरीचं असंच करून गेली होती. बरं, तुझं काय? गासला तुझ्यासाठी कोणाला सांगून ठेवलंस?

एडविन : मला काय करायचंय? वाडी आहे, केळी आहेत.

बेट्टी : केळी बोलतात?

एडविन : भाऊ आहे शेजारी.

बेट्टी : भावाशी तू कुंपणावरून अबोला धरलायस. सकाळी उठून चहा कोणाला नावं ठेवून पिणार? कुलूप कोणाच्या अंगावर ओरडत उघडणार? बोल ना. मघापासून माझ्या कोपराबद्दल बोलतोयस, आता बोल.

रहमान : सिस्टर, आणखी पाच भरू? पक्कं करायच्या आधी एकदा उडवून बघा.

बेट्टी : भरा.

( पाच बार. पुठ्ठा जवळ येतो. )

रहमान : सिस्टर, हा पुठ्ठा तर कोराच आला. एक कोपऱ्यात लागलीय, तीसुद्धा शेजारच्यांची असेल. पिस्तूल तेच आहे, मी बदललं नाही.

बेट्टी : माहीत आहे. हेच लावा माझ्या नावावर.

रहमान : हेच? बरं. पुढच्या जूनपर्यंत.

बेट्टी : डिसेंबरपर्यंत लावा.

एडविन : वर्षाचं असतं गो ते.

बेट्टी : असू दे. उरलेले महिने फरहाला उडवू दे.

एडविन : आणि तुझं कॉन्ट्रॅक्ट? अजून दोन वर्षं आहेत.

बेट्टी : नोटीस द्यायची सोय असते त्यात.

एडविन : हे कधी ठरवलंस तू?

बेट्टी : आत्ता. पाच गोळ्या झाल्या, आणि मागून तुझा एक शब्द आला नाही.