थडग्यावरचे तीन कावळे

लडलो गावच्या सराईमध्ये राजाचा अधिकारी घराण्यांची कुलचिन्हं तपासायला बसला होता आणि बाहेर रांग लागली होती. पाथरवट टोबायस छिन्नी अंगरख्याआड धरून उभा होता. त्याच्या पुढे विधवा टॉमसिन शेजारच्या गिटिन्सांशी तणतणत होती.

"नवऱ्याच्या थडग्यावरची आमच्या कुलचिन्हाची ढाल फोडली मेल्यांनी. का, तर राजाचा कागद नाही."

"कागदाशिवाय चिन्ह लावता येत नाही, टॉमसिनबाई."

"तीन पिढ्या त्याच ढालीवरचे तीन कावळे आमच्या दारावर कोरलेले होते. तेव्हा कुठे झोपला होता हा अधिकारी?"

"चिन्ह आमचं नाही म्हणून सही करून टाका. नाहीतर भर बाजारात दवंडी पिटतील, हे घराणं खानदानी नाही म्हणून."

"पिटू देत. मी सही करायची नाही."

"फोडणारा बाहेरचाच असेल कुणी."

"बाहेरचा कसला? कावळे तेवढे उडवले, खालच्या नावाच्या एका अक्षराला ओरखडा नाही. तो दगड ज्याला ठाऊक, त्याचाच हात."

ती मागे वळली.

"टोबायस, ती ढाल तूच कोरली होतीस ना? मग तूच सांग. त्याचे हात झडोत म्हणू, की नाव राखलं म्हणून दुवा देऊ?"