लाल फेटा आणि तातेरावाचा हात

"हॅलो? … व्हय, हिंगोली टेसन. तातेराव, तिकीटबाबू. … कोण, वसमत टेसनातून रामकिशन? बरं झालं. माझी नोकरी गेलीच समज, तुझ्या बहिणीला तूच सांग. … न्हाई, अजून कुठं गेली? मी काहीच बोललो न्हाई. तू कसा हाईस?"

तातेरावाने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. पहिला भीतीने तापला होता.

"… हां, सकाळी मसाजी धनगरानं गाडी थांबवली, ते खरं. मेंढरं रुळावर व्हती, त्यानं लाल फेटा हलवला, थांबली. त्यात माझं काय? … रेल्वेचा साहेब त्याला धरून तुझ्याच टेसनात घिऊन आला अन् रपोट लिहून राहिला? अन् मसाजी काय म्हणला? … 'तातेरावभाऊंनी पाठीवर हात ठेवला म्हणून हिंमत झाली.' … साहेबापुढं? … आरं, त्याला म्हणावं, माझं कौतुक बंद कर. … बंद करून न्हाई राहिला?"

"साहेबानं मग काय लिव्हलं? … 'एग ऑन'. म्हंजी? … हिंमत देणं. मग चांगलंच की. … न्हाई? … सरळ कामाला देतात ती हिंमत, वाकड्या कामाला देतात ती फूस, अन् हा शब्द फुशीचा. … आरं, गंमत केली व्हती मी. म्हणलं, मर्दा, तुझा फेटा बघून इंजन बी सलाम ठोकंल. … व्हय, पाठ थोपटली. … त्यापरीस 'चिअर ऑन' लिव्हा म्हणावं. … ते पळणाऱ्याला म्हणतात? मसाजी तर उभा व्हता. … मग जरासा पळाला म्हणून लिव्ह."

"थांब. … न्हाई, लाइन न्हाई गेली. खिडकीतून बघून राहिलो. … धनगर. समदे. समद्यांचे फेटे लाल. … मसाजीला सोडवायला संध्याकाळची गाडी अडवणार म्हणतात. म्होरं यशोदाबाई, त्याची बायको. … मगाशीच म्हणलं, हटा. तर म्हणतात, भाऊ आमची परीक्षा घेऊन राहिले. आता रुळावर उभे हाईत, माझ्याकडं पाठी करून. … काहून म्हंजी? मी थोपटाव्या म्हणून."

"… साहेबाचा हुकूम? कसला? … यापुढं फेट्याला गाडी थांबायची न्हाई. … डायव्हरला सांगितलं? … अन् संध्याकाळची गाडी? … वसमतहून सुटली?"

तातेरावाने उजव्या हाताने खिडकीचा गज घट्ट धरला. मोकळा सोडला तर हात आपणहून कुणाची तरी पाठ गाठील, असे त्याला वाटले.

"रामकिशन, लिहून घे, साहेबाला दे. … माझं नाव घाल. फूस माझीच, शब्द बराबर हाय, खोडू नको. … अन् त्याखाली लिव्ह. हुजुरांस विनंती की, लोक रुळावरून हटेपर्यंत, आजच्यापुरते, वसमत ते हिंगोली हे अंतर वाढवून मिळावे. … हॅलो? … रामकिशन?"