कोयनेत आवाज का पोचत नाही

(आष्ट्यातलं घर. फौजेच्या सिग्नल दलातून निवृत्त झालेले सुभेदार लालासाहेब जीपमधून उतरून ओट्यावर बसलेत. समोर त्यांची मुलगी स्वप्नाली.)

स्वप्नाली : म्हणजे पार कोयनानगरला गेला होता? आईला तर कऱ्हाड म्हणून सांगितलंत.

लालासाहेब : कऱ्हाड वाटंतच हाय की.

स्वप्नाली : आबा, माझा नकाशा खोटा पाडायला गेला होता ना?

लालासाहेब : व्हय. डोंगरावरचा रिपीटर आपला आवाज झेलून पुढं फेकतो. त्यो डोंगरावर चढवायला आमी हौशी रेडिओवाली मंडळी वरीसभर राबलो. आन् तू बैठकीत सगळ्यांसमोर म्हणालीस, सांगली, कऱ्हाड मिळंल, कोयनेचं खोरं मिळायचं न्हाई. लय लागलं मला.

स्वप्नाली : डोंगरांची उंची मांडली, तर तसंच निघत होतं.

लालासाहेब : पाटणपतूर झकास. हिकडनं आमच्या मंडळीतला जोतिबा जीपमधल्या रेडिओवर बोलत व्हता, जणू शेजारी बसलाय. म्हटलं, पोरगी चुकली. फुडं एक वळण घेतलं, डोंगर आडवा आला, आन् आवाज गेला.

स्वप्नाली : कुठलं वळण?

लालासाहेब : तू रेघ मारलीस त्येच. मग जीपच्या टपावर उभा ऱ्हायलो, टेकाड चढलो. काय न्हाई.

स्वप्नाली : खरं सांगू? मीच चुकावं असं वाटत होतं.

लालासाहेब : तसं म्हणू नगंस. फौजेत आमचा एक साहेब आधीच सांगायचा, हितं संपर्क तुटंल. त्याच्याबरबर जायला कुनी भ्यायचं न्हाई.

स्वप्नाली : पण तुमच्या मंडळीतल्या जयराजकाकांनी पत्रक छापायला दिलंय. कोयनेच्या खोऱ्यासकट दोन्ही जिल्हे टप्प्यात म्हणून.

लालासाहेब : थांबवलं. वाटंतनंच फोन केला. तिथं कोयनानगरला चहाच्या टपरीवर बनुबाई म्हणून हाय. तिनं इचारलं, भूकंपाचा धक्का बसला, फोन गेलं, तर ह्या यंत्रावरनं सांगलीला कळंल का?

स्वप्नाली : काय सांगितलंत?

लालासाहेब : व्हय म्हणनार व्हतो, जिभंवर आलं व्हतं. मग म्हटलं, न्हाई कळायचं. माझ्या लेकीनं हिशेब केलाय. तुमच्या वरच्या डोंगरावर दुसरा रिपीटर बसवाय लागंल, आन् त्यो कुठं, त्ये बी तीच सांगंल.

स्वप्नाली : माझं नाव सांगितलंत?

लालासाहेब : सगळ्या टपरीला. बाई म्हणाली, लेकीला कवा आणताय?

स्वप्नाली : मग?

लालासाहेब : ऐतवारी, म्हटलं. गाडी मी चालवतो.