शिक्का मारलेली नोटीस आणि जागृतीचा फोन

अहो, म्हणजे आता एक फोन माझ्या कामात खोट काढणार? तुम्हाला सांगतो, लोणखेड्याला वसतिगृहाच्या ऑफिसात सव्वीस वर्षं कारकुनी करतोय हा बन्सीलाल, आणि नोटीस काढावी तर मीच! टाइप करायची, प्रिंट काढायची, साहेबांची सही, वर गोल शिक्का, मग ती स्कॅन करून वेबसाइटवर टाकायची. शिक्का आहे, सही आहे, अजून काय पाहिजे?

तर मध्यंतरी सारंगखेड्याची जागृती आली. प्रवेशाचा शेवटचा दिवस, पाच वाजेपर्यंतच मुदत. जन्मापासून दिसत नाही पोरीला, पण अभ्यासात भल्याभल्यांना पाणी पाजते! फोन तिला सगळं वाचून दाखवतो. तो माझ्या टेबलावर ठेवून म्हणते, "नाना, तुम्हनी नोटीस आयका." फोन बोलला, "पान एक. चित्र. पान दोन. चित्र." संपलं! अरे, चित्र? मी काय तिथं मोर काढून ठेवलाय?

मला वाटलं, अंधुक असेल. मग काय... अक्षरं मोठी केली, शाई गडद केली, शिक्का दोनदा मारला, पुन्हा स्कॅन! जिला दिसत नाही तिच्यासाठी अक्षरं मोठी! हसा, हसा... फोन आपला म्हणतोय, "चित्र." शिक्का आहे, सही आहे, अजून काय पाहिजे रे बाबा तुला?

म्हटलं, "आण बेटा, मी वाचून दाखवतो." तर म्हणते कशी, "नको नाना. गया साल शेजारना दादानी वाची दखाडं, अन् 'सोबत दाखला जोडावा' ही ओळच सोडी दिन्ही. मन्ही जागा गयी. औंदा मीच वाचसू." वसतिगृह नाही म्हणून वर्षभर कॉलेजला एसटीत उभी राहून आली हो ती, आणि बापानं बजावलेलं, यंदा जागा नाही मिळाली तर घरी बस. मला भारी लाज वाटली.

मग तीच म्हणाली, "नाना, फोटो कशाले? टाइप करेल फाइलच द्या ना." दिली. तर माझा फॉन्ट बाबा आदमच्या जमान्यातला, फोन नुसता एबीसीडी बरळायला लागला! मग नव्या फॉन्टात चार पानं पुन्हा टाइप, एका बोटानं, घड्याळाकडे बघत... आणि साहेब आतून ओरडतायत, "बन्सीलाल! शिक्का नाही म्हणजे कागद पोरका!" म्हटलं, "साहेब, शिक्केवाला भिंतीवर लावतो, हा फोनसाठी." शिक्का आहे, सही आहे, अजून काय पाहिजे, हे म्हणणारा मी, आणि मीच साहेबांना समजावतोय!

आणि फोन वाचायला लागला हो! माझी नोटीस, घडाघडा! जागृती मान कलती करून ऐकत होती. दाखल्याची ओळ आली तशी गालातल्या गालात हसली, पिशवीतून दाखला काढला, फोनवर बोलून बोलून अर्ज भरला. पाचला सात मिनिटं कमी! तुम्हाला सांगतो, डोळे भरून आले माझे.

जागा मिळाली. आता प्रत्येक नोटीस मी तशीच काढतो. आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या नोटिसा शेवटच्या ओळीपर्यंत वाचतंय... रोज सकाळी हजर! "नाना, दुसऱ्या पानावर एकतीस जून लिखेल शे."