तातडीच्या वेळी

नर्सिंगची शेवटची जागा रांगेतल्या पुढच्या मुलीला मिळाली होती. पाचपर्यंत तिचा फॉर्म अडून राहिला, तर ती जागा मागे उभ्या आयाबाईंना मिळणार होती. नऊ वर्षं दवाखान्यात बेडपॅन उचललेल्या, वयाच्या अटीत यंदा शेवटचंच बसणाऱ्या. नाही म्हटलं तरी खिडकीतल्या कारकुनाच्या बोलण्याकडे त्यांचे कान टवकारले गेले.

“तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं, तिथे तू स्वतःचाच नंबर टाकलायस.”

“हो काका. मीच उचलते ना.”

“अगं, तूच आजारी पडलीस तर?”

“तेव्हाही मीच उचलते.”

“आईवडील?”

“नाहीत.”

“मामा, मावशी, मैत्रीण? कोणीतरी असेलच की!”

“मैत्रिणींना जागा नाही मिळाली. आता फोन उचलत नाहीत.”

“रकाना रिकामा चालत नाही, बाळ. दहा मिनिटं उरलीत.”

“बघते कोणीतरी.”

मुलगी बाजूला होऊन मोबाइलमधली नावं वर-खाली करत राहिली.

“पुढे कोण?”

“मी. पण आधी तिचं घ्या. तिथे माझा नंबर लिहा.”

“तुम्ही तिच्या कोण?”

“प्रतीक्षा यादीत पहिली.”

“नातं विचारतोय मी, बाई.”

“तेच सांगतेय.”