विसर्ग म्हणजे पाणी

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपल्या उपविभागाचे अभियंता माननीय अमरसिंह घोगरे साहेब, व्यासपीठावरच्या आपल्या सरपंच महानंदाताई, कार्यालयातले माझे सहकारी, कालव्यावरचे कर्मचारी आणि एवढ्या उन्हात नदीकाठच्या गावांतून आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

निवृत्तीची शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, माझ्याबद्दल चार चांगले शब्दही ऐकले. आभारी आहे. आता ‘शिवकांताबाई, दोन शब्द बोला’ म्हणालात. दोन शब्दांत माझं भागेल असं वाटत नाही.

मी लिपिक म्हणून बोरगव्हाण धरणाच्या या कार्यालयात बदलून आले, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. जुन्यांना ठाऊक आहे, नव्यांसाठी सांगते. खालच्या बंधाऱ्यांसाठी नदीत पाणी सोडायचं होतं. मी हजर व्हायच्या आधीच सूचना निघाली होती: ‘प्रकल्पातून नदीपात्रात विसर्ग प्रस्तावित असून संबंधितांनी पात्रातील साधनसामग्री अन्यत्र स्थलांतरित करण्याची दक्षता घ्यावी.’ ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ती लागली. लोकांनी वाचलीसुद्धा. उन्हाळ्यात नदी कोरडी. जिथं डोह, तिथं शेताला पाणी उपसायची मोटार. नदीकाठचे एक शेतकरी, गुंडाप्पा, सकाळी मोटार बघायला डोहात उतरले आणि वरून पाणी आलं. मोटार ओढायला गेले, तर ती दगडावर आदळली आणि मध्ये त्यांचा पाय सापडला. माणूस वाचला. पाय काही पहिल्यासारखा झाला नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या पत्नी इरम्मा कार्यालयात आल्या. माझ्या टेबलासमोर उभ्या राहून म्हणाल्या, “बाई, कागद म्या वाचला हुता. सातवी शिकलेय. पाणी येणार असं त्यात कुठं लिवलंय, तेवढं दावा.”

मी सूचना काढली. वरपासून खालपर्यंत पाहिली. पाणी हा शब्दच त्यात नव्हता!

आमचे तेव्हाचे साहेब आतून म्हणाले, “अहो, विसर्ग म्हणजे पाणीच की!”

“मग पाणी लिवायला काय झालतं, साहेब?”

इरम्मा गेल्या, आणि मला त्या दुपारी जेवण गेलं नाही.

मग मी सोपं लिहायला बसले. सोपं लिहिणं सोपं असतं, असं वाटतं ना? मलाही वाटायचं. तामलवाडीच्या शाळेत निबंधात पहिली यायचे मी. पण एक सरळ वाक्य निघेल तर शपथ! हात आपोआप ‘करण्यात येत आहे’कडे वळायचा. शेवटी मुजीबभाईंना गाठलं. ते बघा, मागं उभे आहेत, बसा म्हटलं तरी बसत नाहीत. कालव्यावरचे चौकीदार. गावोगाव भोंग्यावर सूचना तेच वाचायचे. मी लिहिलं, ‘धरणातून नदीत पाणी सोडले जाईल.’ त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, “मॅडम, कधी? लोक मलाच इचारणार.” दिवस घातला. “गावात कधी पोचतंय?” तेही घातलं. “आन् लोकांनी करायचं काय?” मला राग आला, खरं सांगते. पण त्यांचं बरोबर होतं. कागद फाडत फाडत शेवटी असं झालं: ‘सोमवारी सकाळी धरणातून नदीत पाणी सोडणार आहोत. दुपारपर्यंत ते तुमच्या गावात येईल. रविवारीच मोटारी बाहेर काढा. सोमवारी नदीत उतरू नका, जनावरं उतरवू नका.’

मुजीबभाई म्हणाले, “आता वाचताना दम लागत न्हाय.”

साहेबांनी त्यावर लाल रेघ मारली. “ही काय कार्यालयाची भाषा आहे? पोराटोरांना सांगितल्यासारखी!” मी पुन्हा पाठवलं. पुन्हा रेघ. शेवटी कंटाळून त्यांनी सही केली. पुढच्या वेळी पाणी सुटलं तेव्हा नदीत एकही मोटार नव्हती. झालं, मला वाटलं, आता हा प्रश्न मिटला. कसला मिटतो! साहेबांची बदली झाली, नवे आले आणि त्यांच्याबरोबर ‘विसर्ग’ही परत आला. असं दर बदलीला. माझी निम्मी नोकरी या एका शब्दाशी भांडण्यात गेली. कुणी मला हट्टी म्हणालं, कुणी म्हणालं बाई मराठी बिघडवतात. पाणी म्हटल्यानं कुठली मराठी बिघडते हो?

घोगरे साहेब, आपण भले माणूस आहात, म्हणून सर्वांदेखत बोलायचं धाडस करते. येत्या सोमवारी पाणी सुटणार आहे. माझा मसुदा परवा आपल्याकडून परत आला. शेरा होता, ‘भाषा कार्यालयीन करावी.’ मी एक अक्षर न बदलता तो आज पुन्हा आपल्या टेबलावर ठेवलाय. संध्याकाळी माझी खुर्ची रिकामी होईल. उद्या मला भांडायचाही अधिकार नाही. म्हणून जाता जाता मागते, त्या कागदावर सही करा. साहेब मान हलवतायत. मान हलवणं मी फार बघितलं, साहेब. मला सही हवी.

असो. माझं तोंड तिखट आहे, तरी तुम्ही सगळ्यांनी इतकी वर्षं मला सांभाळून घेतलंत, त्याचे उपकार फिटायचे नाहीत. आजच्या बोलण्यात कुणाला काही लागलं असेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्या. पण माझं एखादं वाक्य समजलं नसेल, तर ते मात्र माफ करू नका. मी खाली येतेय. तिथंच मला अडवा आणि विचारा.