घड्याळाने सांगितले होते

मी, हरवलेल्या बाईंची धाकटी बहीण, वय ६२ वर्षे, व्यवसाय: विमा कार्यालयातून निवृत्त कॉम्प्युटर ऑपरेटर, राहणार: पाण्याच्या टाकीसमोरची इमारत, दुसरा मजला, स्वतः पोलीस ठाण्यात हजर होऊन सांगते की,

माझी थोरली बहीण, वय ७१, माझ्याजवळ राहते. तिला विस्मरणाचा आजार आहे. गेल्या महिन्यात तिच्या मुलीने, म्हणजे माझ्या भाचीने, तिच्या मनगटाला एक घड्याळ बांधले. ताई घराबाहेर पडली की माझ्या फोनवर सूचना येते आणि ती कुठे आहे ते नकाशावर दिसते. भाची मला ते समजावू लागली. मी म्हटले, "अगं, तू पाटीवर अक्षरं गिरवत होतीस तेव्हा मी अख्ख्या ऑफिसला कॉम्प्युटर शिकवत होते." ती हसली. "मावशी, तो कॉम्प्युटर आता संग्रहालयात असेल." पुढचे तिने सांगितले नाही. मी विचारले नाही.

त्या काळी कॉम्प्युटरच्या खोलीत आम्ही चपला काढून जात असू. माझा सर्वांना एकच नियम होता: आपण न मागता पडद्यावर चौकट आली, तर वाचत बसायचे नाही, बंद करायची. आमच्या विभागात कधी व्हायरस शिरला नाही. साहेबसुद्धा मला विचारून बटण दाबत.

आज सकाळी दहाच्या सुमारास ताई दारापाशी खुर्चीवर बसली होती. मी आत कपडे वाळत घालत होते. फोनवर चौकट आली. मी बंद केली. पुन्हा आली, पुन्हा बंद केली. मग फोन उपडा ठेवून दिला. चष्मा लावलेला नव्हता, असे मी येथे आधी तोंडी सांगितले. ते खरे नाही. चष्मा डोळ्यांवर होता.

बाहेर आले तर खुर्ची रिकामी. जिना, गच्ची, गल्ली पाहिली. भाचीला फोन केल्यावर तिने विचारले, "मावशी, नकाशा काय दाखवतोय?" मला तो उघडता आला नाही. ते कबूल करायलाही मला वेळ लागला. येथील महिला पोलिसांनी तो उघडून दिला, तोवर घड्याळाचे चार्जिंग संपले होते. ते चार्जिंगला लावणे माझ्याकडे होते. शेवटची खूण बस स्थानकाजवळची आहे. भाची तेथे शोधत आहे.

ताईच्या अंगात राखाडी स्वेटर, पायात घरातल्या सपाता. नावाने हाक मारल्यास ती वळेलच असे नाही. घाबरली की ती अनोळखी माणसाचा हात धरते आणि म्हणते, "माझ्या धाकटीला बोलवा, तिला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं." असे सांगणारी बाई आढळल्यास ती माझी ताई आहे.

माझ्या सांगण्यावरून लिहिलेला हा जबाब मला वाचून दाखवला. मी तो ऐकला. त्यात काही बदलायचे नाही.